आठजणींची हत्यारं

यशोधराताई गमरे माझ्या गाळ्यात पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी रडायच्या बेतात होते. जूनचा पहिला आठवडा होता. बदलापुरातल्या दोन शाळांचे गणवेश शिवायचं काम माझ्याकडे होतं आणि चार मशीनींपैकी नेमकी ओव्हरलॉक बंद पडली होती. ओव्हरलॉक कापडाची कड दोऱ्याने बांधून घेते. ती बसली की बाकीच्या तीन मशीनी चालून काही उपयोग नसतो. स्टेशनजवळच्या एका मेकॅनिकने सकाळभर तिच्याशी झटापट केली, एका पेचाची खाच पार खराब केली, आणि मशीन उल्हासनगरला न्यावी लागेल, आठ दिवस लागतील, असं सांगून तो निघून गेला. माझ्याकडे शिवणकाम करणारी एक मुलगी म्हणाली, "आमच्या मांजर्लीत एक बाई आहेत. त्यांना बोलावू का?"

मला वाटलं, बाई म्हणजे एखाद्या मेकॅनिकला ओळखणारी कुणीतरी असेल.

पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या, साध्या कॉटनच्या पंजाबी ड्रेसमधल्या यशोधराताई आल्या. काखेत जीन्सच्या कापडाची एक गुंडाळी होती. ती त्यांनी टेबलावर पसरली. आत ओळीने शिवलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक हत्यार. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. एका पान्याचा दांडा काळा, दुसऱ्याचा पांढरा, आणि एका स्क्रू ड्रायव्हरची मूठ तर चक्क लाटण्याच्या तुकड्याची होती. माझा धीर आणखी खचला.

त्यांनी पाच मिनिटं मशीनला हातसुद्धा लावला नाही. नुसतं वाकून बघत होत्या.

"हा पेच कुणी सोडवायला गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसती मारामारी केलीय त्याच्याशी."

मग त्यांनी एक ड्रायव्हर काढला, खाचेत टेकवून बघितला, आणि गुंडाळीतलाच एक छोटा धारेचा दगड काढून ड्रायव्हरचं टोक घासायला बसल्या. घासायचं, टेकवायचं, परत घासायचं. पंधरा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी ते टोक त्या बिघडलेल्या खाचेत असं बसलं की हात सोडला तरी ड्रायव्हर उभाच राहिला. रॉकेलचा एक थेंब, पितळी हातोडीने वरून हलकीशी टकटक, आणि पेच फिरला. तासाभरात मशीन सुरू झाली.

पैसे देताना मी विचारलं, "ताई, एवढं काम येतं तुम्हाला, मग हत्यारांचा चांगला सेट का घेत नाही?"

"सेट दुकानाच्या काचेत छान दिसतो," त्या म्हणाल्या. "त्यातली निम्मी हत्यारं मला लागत नाहीत. आणि जी लागतात ती त्यात नसतात."

त्यानंतर त्या वर्षातून पाच-सहा वेळा तरी यायच्या. मशीनचं पोट उघडं पडलेलं असताना, तेलाने काळ्या झालेल्या हातांनी, तुकड्या-तुकड्याने त्यांनी मला जे सांगितलं, ते मी इथे एका ओळीत लावतेय.

यशोधराताईंचं माहेर अंबरनाथचं. वडील एका कारखान्यात हेल्पर होते. लग्नानंतर त्या मांजर्लीत आल्या. नवरा महेंद्र कुरिअरच्या ऑफिसात. घराला हातभार म्हणून ताई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायच्या एका कारखान्यात लागल्या. कारखाना म्हणजे एका माळ्यावर दाटीने मांडलेल्या बावीस मशीनी. नगावर मजुरी. मशीन बंद पडली की मजुरी बंद.

त्या पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांचा मेकॅनिक एकच होता, मधू मिस्त्री. हाताला त्याच्या तोड नव्हती आणि तोंडाला लगाम नव्हता. बोलावलं की तीन तासांनी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. ताई बसून राहायच्या. बसल्या-बसल्या दुसऱ्या बाया गप्पा मारायच्या. ताई मधू मिस्त्री काय करतो ते बघायच्या. वर्षभरात त्यांना इतकं कळलं होतं की निम्म्या वेळा मशीनला फक्त एक पेच अर्धा फेरा आवळायला हवा असतो.

म्हणून त्यांनी हत्यारं घ्यायचं ठरवलं. फुटपाथवर एक चकाचक सेट मिळाला, सहा ड्रायव्हर आणि चार पाने, दीडशे रुपयांत. एवढं स्वस्तात मिळालं म्हणून त्या खूश. चार दिवसांनी त्यांची मशीन अडली. त्यांनी स्वतः पेच सोडवायला घेतला. जोर दिला तसं ड्रायव्हरचं टोकच पिळवटलं, आणि पिळवटताना पेचाची खाच घेऊन गेलं. मालक ओरडला. मधू मिस्त्री आला, त्याने तो ड्रायव्हर सगळ्यांसमोर उंच धरून दाखवला आणि म्हणाला, "बाई, आधी घरी पोळ्या गोल होतात का बघ."

बावीस मशीनींवरची माणसं हसली.

"तुम्ही काय केलंत मग?" मी विचारलं होतं.

"काय करणार? खरंच होतं ते. पोळ्या माझ्या वाकड्याच व्हायच्या," त्या म्हणाल्या. "पण मला एवढंच कळत नव्हतं की त्याचा ड्रायव्हर का नाही पिळवटत. दिसायला तर माझाच चांगला होता."

हा प्रश्न घेऊन त्या जेठानंदांच्या दुकानात गेल्या. जेठानंद हे सिंधी गृहस्थ कॅम्प तीनच्या एका गल्लीत जुनी हत्यारं विकायचे. दुकान असं की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. ताईंनी तो पिळवटलेला ड्रायव्हर त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "याला झालं काय?"

दुकानात विकत घ्यायला येणारे पुष्कळ. विचारायला येणारं कुणी नसावं. जेठानंदांनी त्यांना स्टुलावर बसवलं. एक जुनी कानस घेतली, धातू घासायची, आणि ड्रायव्हरच्या टोकावरून फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली. मग एक काळाकुट्ट, कुरूप ड्रायव्हर घेतला. त्यावरून कानस नुसती घसरली, चराही उमटला नाही.

"चमक वरची आहे, धीउ," ते म्हणाले. धीउ म्हणजे सिंधीत मुलगी. "लोखंड आतलं बघायचं."

त्या दिवशी नाही, पण पुढे महिन्यांमागून महिने ते शिकवत गेले. पाना बोटावर टांगून दुसऱ्या पान्याने वाजवायचा. टण्ण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. पक्कड मिटून उजेडासमोर धरायची, फट दिसली तर ठेवून द्यायची. कंपनीचा शिक्का उठावाचा आहे की नुसता वरून कोरलेला, हे नखाने तपासायचं; उठावाचा असेल तर माल अस्सल. कानशीचे दात चकाकत असतील तर ती संपलेली आहे, कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही. ताईंनी स्वतःचा एक नियम त्यातून काढला, आणि तो मला तरी कुणी आधी सांगितला नव्हता: जे कापतं ते नवं घ्यायचं, जे धरतं आणि फिरवतं ते जुनं चालतं.

महिन्याला एक हत्यार, असं त्यांनी ठरवलं. घरी आणून त्या ते तांदळाच्या डब्यात लपवायच्या. एकदा महेंद्र तांदूळ काढायला गेला आणि हातात पाना आला. त्याने तो परत तांदळात ठेवला. जेवताना म्हणाला, "साडी घेतलीस की मला दाखवतेस, आणि पाना घेतलास की लपवतेस. असं का?"

पुढच्या रविवारी महेंद्र पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाला, तो आजतागायत जातो.

दोन वर्षांनी गुंडाळी भरली तेव्हा त्यांनी कारखाना सोडला. सुरुवातीला फक्त घरगुती मशीनी मिळाल्या, बायकांच्या. मग ब्लाउज शिवणाऱ्या, पडदे शिवणाऱ्या, मग माझ्यासारखे गाळेवाले. एकोणीस सालच्या पुरात मांजर्लीत त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात कंबरभर पाणी शिरलं. हत्यारं दोन दिवस गाळात होती. पाणी ओसरल्यावर ताईंनी एकेक काढून रॉकेलमध्ये बुडवलं, पितळी ब्रशने घासलं, तेल लावलं. तीन सोडून सगळी वाचली. त्याच वेळी आजूबाजूचे लोक गंजलेली हत्यारं भंगारात देत होते. ताईंनी त्यातली जाऊन निवडून घेतली. "वरचा गंज धुतला जातो," त्यांनी मला सांगितलं. "खड्डे पडलेले असतील तर मात्र सोडून द्यायचं." गंजाला न भिणारं गिऱ्हाईक फार थोडं असतं, त्यामुळे त्यांना नेहमीच स्वस्त पडायचं.

त्यांची भाव करायची पद्धत मी पुढे स्वतः पाहिली. बाकीचे लोक वस्तूला नावं ठेवून भाव पाडतात. वाकडंय, जुनंय, कोण घेणार हे. ताईंनी चांगल्या वस्तूला वाईट म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, "हत्यार चांगलं आहे. माझ्याकडे एवढेच आहेत." आणि गप्प बसायच्या. दुकानदाराला बोलणारं गिऱ्हाईक चालतं, गप्प बसलेलं सोसवत नाही. पाच-दहा मिनिटांत तोच काहीतरी बोलायचा.

आता त्या आठजणींकडे येते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने बायकांसाठी शिलाई मशीन दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग घेतला. बदलापूर-अंबरनाथच्या आठ बायका शिकल्या. शेवटी कार्यक्रम झाला, फोटो निघाले, प्रत्येकीला प्रमाणपत्र आणि हत्यारांची एक प्लास्टिकची पेटी मिळाली. त्यांच्यातली प्रीती नावाची पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी माझ्याकडे काज-बटणाचं काम करायची. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या घरी तिच्या पान्याचा जबडा फाकला. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी कुणाला तरी बोलावते." प्रीती पेटी घेऊन थेट माझ्या गाळ्यात आली. योगायोगाने ताई तिथेच होत्या.

ताईंनी पेटीतलं एकेक हत्यार काढलं, कानस फिरवली, परत ठेवलं. मग विचारलं, "आठहीजणींना हेच मिळालं?"

"हेच."

"आणि काम कुणाला मिळालंय?"

"कुणालाच नाही," प्रीती म्हणाली. "बनूबाई म्हणतात, आपल्यालाच येत नसेल नीट."

बनूबाई त्या आठजणींत सगळ्यात मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, शेतकरी घरातल्या. ताईंना ते वाक्य लागलं असावं. त्या मला म्हणाल्या, "श्रद्धा, रविवारी तुझा गाळा बंद असतो ना? मला देशील?"

आठजणी दर रविवारी माझ्या गाळ्यात सरावाला जमायला लागल्या. हत्यारांसाठी प्रत्येकीने बाराशे रुपये काढले. चांगली नवी हत्यारं घ्यायची तर तेवढ्यात एकीची पाव पिशवीही भरली नसती. ताई म्हणाल्या, बघू.

पहिल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर कॅम्प तीनला गेले. शेअर रिक्षातून उतरून त्या गल्लीत शिरलो. जेठानंद आता ऐंशीच्या पुढचे, पण दुकानात रोज येणारे. त्यांच्याकडे एक पोतं होतं, कुठल्यातरी बंद कारखान्यातून उचललेल्या पान्यांचं, मापाप्रमाणे न लावलेलं. ताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "साईं, हे पोतं असंच राहिलं तर तुमच्याकडून कुणी घेणार नाही. आम्ही बसून सगळं मापाप्रमाणे लावून देतो. त्यातले चोवीस पाने मला भंगाराच्या भावाने द्या. निवड माझी."

जेठानंद हसले. "निवड तुझी, म्हणजे मलई तुझी."

"मलई चोवीसच. बाकीचं दूध तुमचंच आहे."

आम्ही पाच तास फुटपाथवर गोणपाट टाकून बसलो. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. प्रत्येक पाना पुसायचा, माप वाचायचं, ढिगात टाकायचं. ताई वाजवून बघायच्या. संध्याकाळी जेठानंदांनी ओळीने लावलेले ढीग बघितले, आणि चोवीसऐवजी सत्तावीस दिले.

दुसऱ्या खेपेला अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना ड्रायव्हर मिळाले. मुठी जळालेले, नुसत्या सळ्या. कुठेतरी आगीत सापडले असावेत. मला वाटलं, हे काय आणलं. ताईंनी पोलाद तपासलं होतं. मुठीजवळचा भाग तापला होता, टोकं शाबूत होती. मांजर्लीतल्या एका सुताराकडे त्यांनी बाभळीच्या तुकड्यांच्या मुठी करून घेतल्या. कानशी आणि कटर मात्र त्यांनी नवेच घेतले, ठोक दुकानातून. डझनाला भाव पडतो म्हणून आठऐवजी बारा घेतले आणि वरचे चार मला आणि शेजारच्या दोघा टेलरना मिळून खपवले.

पण काही वस्तू मिळेनात. शिलाई मशीनला पातळ पाने लागतात, साध्या पान्याच्या निम्म्या जाडीचे, म्हणजे ते दोरा पकडणाऱ्या हुकाच्या मागे अरुंद जागेत जातात. बुटके ड्रायव्हर लागतात. जुन्या काळी चांगले मिळायचे. आता जे मिळतात ते महाग, नाहीतर त्या प्लास्टिकच्या पेटीतल्यासारखे.

जेठानंद म्हणाले, "मधूकडे आहेत. त्याची पेटी माझ्याच दुकानातून भरलीय. तीस वर्षं भरत होता. आता हात थरथरतो त्याचा, काम सोडलंय. पेटी घरात पडून आहे."

ताईंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग मला म्हणाल्या, "चल."

मधू मिस्त्री जीन्सच्या एका गोदामामागे एका खोलीत राहत होते. सत्तरी उलटलेली, अंगाने वाळलेले, पण आवाज तोच असावा. त्यांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, चहा दिला. मिस्त्रींचा कप अर्धाच भरलेला होता, सांडू नये म्हणून. ताईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही.

"पेटी विकणार आहात असं कळलं," ताई म्हणाल्या.

"विकणार आहे असं मी कुणाला बोललो नाही. पण बघ."

सुंदराबाईंनी लाकडी पेटी ओढून आणली. झाकण उघडलं आणि मी, जिला हत्यारांतलं काही कळत नव्हतं, तीसुद्धा वाकले. तीन खण. प्रत्येक हत्याराला लाकडात त्याच्या आकाराची जागा कोरलेली. तेलाचा हात फिरलेला. पातळ पाने एकाखाली एक, लहानापासून मोठ्यापर्यंत.

मिस्त्रींनी आकडा सांगितला. भरमसाट होता. आणि ताईंनी भाव करायला सुरुवात केली.

मला शरम वाटली. म्हातारा आजारी माणूस, बायको समोर बसलेली, आणि या रुपया-रुपयाला अडून बसलेल्या. पण बघता बघता लक्षात आलं की मिस्त्री ताठ होत चाललेत. ते एकेक हत्यार उचलून त्याचे गुण सांगत होते, हा कुठून आणला, याने कुठली मशीन उघडली. ताई ऐकत होत्या, मान्य करत होत्या, आणि भाव सोडत नव्हत्या. त्यांनी पहिल्या फटक्यात हो म्हटलं असतं तर ती भीक झाली असती, हे मला घरी आल्यावर कळलं. तासाभराने दोघे एका आकड्यावर आले. मिस्त्री खुशीत होते.

"पेटी अशीच अख्खी ठेवशील ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "आठ बायका आहेत. त्यांच्यात वाटणार आहे."

मिस्त्रींनी ताईंकडे बघितलं. मग झाकण लावलं.

"मग नाही जमणार. तीस वर्षं लागली मला ही जमवायला. फोडायला नाही देणार."

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांनी सुंदराबाईंना चहा छान झाला होता असं सांगितलं, आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी त्यांच्यावर चिडलेच. "सांगायची काय गरज होती? हो म्हणायचं, पैसे द्यायचे, पेटी उचलायची. त्यांना कोण सांगायला जाणार होतं?"

"त्यांनी विचारलं ना," ताई म्हणाल्या.

एवढंच. रिक्षा येईपर्यंत त्या दुसऱ्याच काहीतरी विषयावर बोलत होत्या. पण मी त्यांना ओळखत होते. त्या पातळ पान्यांवरून त्यांचं मन निघालं नव्हतं.

पुढचे दोन-तीन रविवार आठजणींनी जे होतं त्यावर सराव केला. जिथे पातळ पाना हवा तिथे ताई स्वतःचा द्यायच्या, तो एकीकडून दुसरीकडे फिरायचा. चौथ्या रविवारी अकराच्या सुमारास दाराशी रिक्षा थांबली. आधी सुंदराबाई उतरल्या, मग मधू मिस्त्री, मग रिक्षावाल्याने उतरवलेली ती लाकडी पेटी. पत्ता जेठानंदांनी दिला होता.

ताईंनी खुर्ची पुढे केली. मिस्त्री बसले. "तुमचं चालू द्या," म्हणाले.

बायका अवघडल्या. तरी चालू ठेवलं. मिस्त्री एकेकीचे हात बघत होते. बनूबाई हुकामागचा नट सोडवत होत्या, जाड पाना तिरका घालून. तो निसटत होता. त्या परत घालत होत्या.

"अहो बाई, काय करताय?" मिस्त्री ओरडले. "कडा मारताय त्याच्या. पातळ पाना घ्या."

"माझ्याकडे नाही," बनूबाई म्हणाल्या. "एकच आहे, तो तिकडे आहे. तो येईपर्यंत म्हटलं बघू."

मिस्त्रींनी सुंदराबाईंना खूण केली. झाकण उघडलं. त्यांनी बोटांनी खण चाचपला, एक पाना काढला आणि पुढे धरला. हात हलत होता, त्यामुळे बनूबाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला. नट फिरला.

"किती देणार?" मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही सांगाल ते."

"मी सांगेन ते का? बाजारात असं म्हणतात का कुणी? भाव करा."

बनूबाईंनी ताईंकडे बघितलं. ताई हातातल्या मशीनमधून डोकं वर काढेनात. मग बनूबाईंनी पाना हातात तोलून बघितला. "पाना चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे पन्नासच आहेत." आणि गप्प बसल्या.

मिस्त्रींनी ताईंकडे एक नजर टाकली. हे कुणी शिकवलंय ते त्यांना कळलं असावं. "साठ," ते म्हणाले.

दुपारी तीनपर्यंत पेटी रिकामी होत राहिली. त्यांनी हत्यारं सरसकट वाटली नाहीत. ज्या मुलीचा हात लहान तिला लहान मुठीचा ड्रायव्हर, जी घाई करते तिला जड हातोडी, म्हणजे जरा सावकाश मारेल. प्रत्येकीकडून भाव करून घेतला. एकीने भाव केलाच नाही तर तिला हत्यार दिलं नाही; तिने शेवटी लाजत दहा रुपये कमी सांगितले तेव्हा दिलं. एक बुटका ड्रायव्हर मात्र त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला. त्याचा भाव कुणी विचारला नाही.

निघताना ते ताईंपाशी थांबले.

"तेव्हा मी ते पोळ्यांचं बोललो होतो," ते म्हणाले.

"बोलला होतात."

"आता कशा होतात?"

"वाकड्याच. आता महेंद्र करतात."

मिस्त्री हसले, मग सुंदराबाईही हसल्या. माफी वगैरे कुणी मागितली नाही. रिकामी पेटी त्यांनी परत नेली. त्यानंतर पाच-सहा रविवार ते येत राहिले. हात चालत नव्हता, पण कान शाबूत होता. मशीन चालवून दाखवली की डोळे मिटून सांगायचे, कुठे ढिलं आहे.

आठांपैकी पाचजणी आज हे काम करतात. प्रीती अंबरनाथच्या एका कपडे शिवायच्या कारखान्यात मेकॅनिक आहे, तीस मशीनी तिच्या हाताखाली. बनूबाई फक्त घरगुती मशीनी घेतात आणि त्यांना तेवढंच हवं आहे. दोघींनी सोडून दिलं. एकीने पिशवी विकली. ती विकलेली पिशवी ताईंना जेठानंदांच्या दुकानात दिसली, बाभळीच्या मुठींवरून ओळखली. मी म्हटलं, राग नाही आला? त्या म्हणाल्या, "घरात अडचण असेल तिच्या. चांगला भाव मिळाला का तेवढं विचारलं मी. मिळाला म्हणाले."

मी त्यांना कधी थोर वगैरे म्हटलं तर त्या विषय बदलतात. पण मला जे वाटतं ते मी लिहून ठेवते. कमी पैशात वस्तू मिळवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आणि बहुतेकांच्या स्वस्ताईची किंमत समोरच्या कुणीतरी मोजलेली असते. यशोधराताईंनी कुणाला गंडवून काही मिळवलेलं मी पाहिलं नाही. त्या वेळ देतात, घाम देतात, ज्ञान देतात, आणि उरलेल्याचेच पैसे देतात. एवढं करायला फार चिकाटी लागते. माझ्यात ती नाही.

परवा माझ्या गाळ्यात त्या मशीन उघडून बसल्या होत्या तेव्हा फोन आला. वांगणीची कुणी बाई होती, कुठून तरी नंबर मिळालेला. तिला दुरुस्ती शिकायची होती आणि स्टेशनबाहेर तिने एक सेट बघितला होता, आज निम्म्या भावात. घेऊ का, असं विचारत होती. ताईंनी हात फडक्याला पुसले आणि फोन कानाला नीट लावला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी काही विकत घेऊ नकोस. रविवारी ये, आणि घरात जुनं जे काही असेल ते बरोबर आण. कितीही गंजलेलं असू दे."